दाराचा घरचा दिवस

डोळे मिट बघू. पूर्ण मिट, फटीतून बघायचं नाही. आता कल्पना कर, उंच छताची एक मोठी शेड आहे, जमीन इतकी पुसलेली की दिव्यांच्या रांगा खालीही दिसतात, आणि तुझ्यापुढे एक कोरी मोटार उभी आहे. कोणीतरी तिचं दार लावतं. काय ऐकू आलं? ‘धप्’ म्हणशील. सगळे तेच म्हणतात. पुन्हा ऐक. त्या एका धप्पमध्ये तीन आवाज आहेत. आधी रबर दबल्याचा, मग कुलपाची जीभ खाचेत बसल्याचा, आणि शेवटी पत्र्याचा, जो जरासा थरथरतो आणि गप्प होतो. तिन्ही इतके लगोलग येतात की त्यांची फारकत करायला शिकताना माणसाची दोन वर्षं जातात. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना अकरा दिवस लागले होते. म्हणून कारखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणायचे. एकतीस वर्षं ते एकच काम करत होते. तयार मोटारीची दारं लावायची, डोळे मिटून ऐकायची, आणि दार पास की नापास ते सांगायचं. हसू नकोस. जगात कोणीतरी हेही काम करतं. उघड आता डोळे.

त्या शुक्रवारी सकाळी कानसेन कारखान्याची बस गाठायला नेहमीसारखे चौकापर्यंत चालत आले होते आणि सिग्नलपाशी थांबले होते. थांबलेल्या गाड्यांत तिसरी गाडी त्यांच्या कंपनीची होती, गडद लाल, गेल्या वर्षीची. ती त्यांनी आधी ओळखली आणि मग तिच्याकडे बघणं टाळलं. हल्ली ते तसं करायचे. तेवढ्यात गाडी चालवणारी बाई, तिच्या बाजूचं दार उघडत नसल्यासारखी, शेजारच्या सीटवरून सरपटत पलीकडच्या दारानं बाहेर आली, पदपथावर चढली आणि सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. हातात काहीतरी होतं. “तुमच्या शर्टावरचं चिन्ह आणि ह्याच्यावरचं चिन्ह, एकच ना?” तिनं विचारलं. कानसेन हो म्हणाले. “मग घ्या. तुमचं तुम्हाला.” तिनं त्यांच्या तळहातावर दाराचं एक हँडल ठेवलं. चंदेरी, बुडापासून तुटलेलं, मागे दोन बारीक वायरी लोंबत होत्या. “तीनदा नेली गाडी. पहिल्यांदा म्हणाले, वापरून वापरून सवय होईल. दुसऱ्यांदा म्हणाले, सॉफ्टवेअर येतंय. तिसऱ्यांदा चहा पाजला.” मागचे भोंगे वाजायला लागले होते. ती ओरडत नव्हती, घाईतही नव्हती, जणू हे बोलणं तिनं बरेच दिवस घडी घालून ठेवलं होतं. “वडील मागे बसलेले. बॅटरी गेली. दार आतून उघडेना, बाहेरूनही उघडेना. अठरा मिनिटं. काचेतून माझ्याकडे बघत होते. मी बाहेरून म्हणत होते, बाबा, आहे मी, इथेच आहे. त्यांना ऐकू येत नव्हतं. तुमच्या काचा चांगल्या आहेत हो, त्याबद्दल तक्रार नाही.” कानसेन म्हणाले, “मी कळवतो.” तिनं विचारलं, “कोणाला?” आणि उत्तराची वाट न बघता ती गेली, आली तशीच पलीकडच्या दारानं आत सरपटली, आणि लाल गाडी निघून गेली.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर ते हँडल खिशात मांडीला टोचत राहिलं. कानसेनांना खरं तर जड वस्तूंचा राग नव्हता, हलक्या वस्तूंचा होता, आणि हे हँडल हलकं होतं, खेळण्यातल्यासारखं. जड गोष्ट खिशात असली की माणूस तिच्याभोवती चालायला शिकतो. हलकी गोष्ट सारखी हलते. कोणाला, ती म्हणाली होती. पूर्वी ह्या प्रश्नाला उत्तर होतं. थोरल्या मालकांच्या काळात, म्हणजे ज्यांनी कारखाना काढला त्यांच्या काळात, गिऱ्हाइकाचं प्रत्येक पत्र जेवणघराबाहेरच्या फळ्यावर टाचणीनं लावलं जायचं. ज्या वस्तूबद्दल तक्रार असेल ती वस्तू ज्याच्या हाताखालून गेली असेल, त्यानं स्वतःच्या अक्षरात उत्तर लिहायचं, असा नेम होता. अक्षर वाईट असलं तरी चालेल, शुद्धलेखन चुकलं तरी चालेल, पण दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं नाही. एकतीस वर्षांत कानसेनांवर अशी चार पत्रं लिहायची पाळी आली. त्यांतल्या एका शाळामास्तरांशी तर पुढे सहा वर्षं पत्रव्यवहार चालला. दाराची तक्रार दुसऱ्याच पत्रात मिटली होती, नंतर ते एकमेकांना पक्ष्यांबद्दल लिहीत. आता फळा राहिला नव्हता. दुसऱ्या इमारतीत ‘ग्राहक आनंद विभाग’ होता, ‘आनंद’ हा शब्द पिवळ्या रंगात रंगवलेला, आणि तिथून उत्तरं आपली आपणच जात. थोरले मालक गेले. त्यांच्या मुलाला मोटारींपेक्षा शर्यतीच्या घोड्यांत रस होता, त्यामुळे त्या काळात निदान कोणी कशाला हात लावला नाही. मग नातू आला. कारखान्यात सगळे त्याला धाकटे म्हणत. आत्या, चुलते, चुलतभाऊ, सगळे एकाच बंगल्यात राहत, आणि पुढची गाडी कशी असावी हे त्यांच्या रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर ठरायचं. रंग खात्याचा मुख्य, ज्याला सगळे रंगारीबुवा म्हणत, तो म्हणायचा, “पोटभर जेवण त्यांचं होतं आणि ढेकर आपण द्यायचा.”

शेडमध्ये शिरताना रंगारीबुवानंच त्यांना गाठलं. “तुझी नवरी आली रे, कानसेना. न्हाऊनमाखून उभी आहे. आणि एक गंमत सांगू? तिला हातच नाहीत.” खरोखरच नव्या गाडीला बाहेरून हँडल नव्हतं. दार म्हणजे एक सलग चकचकीत पत्रा. जवळ गेलं, की खिशातल्या किल्लीचा वास लागल्यासारखं ते स्वतःच इंचभर उघडायचं. आतूनही काही धरायला नव्हतं, काळ्या गुळगुळीत पट्टीवर बोटाच्या पेरापेक्षा लहान एक जागा होती, तिथे टेकवलं की उघडायचं. कानसेनांनी डोळे मिटले आणि दार लावलं. धप्. जाड पुस्तक मिटल्यासारखा आवाज. थोरले मालक म्हणायचे, चांगलं दार लागताना ‘आलात ना, आता बसा’ असं म्हणतं. हे अगदी तसं म्हणालं. पण कानसेनांनी चटकन डोळे उघडले, कारण तो आवाज त्यांचाच होता. मागच्या वर्षी धाकट्यांनी त्यांना एका खोलीत नेलं होतं. भिंतींना स्पंज लावलेला, इतकी शांत की स्वतःच्या पापण्या ऐकू येत. तिथे जुन्या मॉडेलचं दार त्यांच्याकडून चाळीस वेळा लावून घेतलं. “काका, तुमच्यासारखं दार कोणी लावत नाही. हा आवाज जपून ठेवायचाय,” असं धाकटे म्हणाले होते, आणि त्या दिवशी घरी येताना कानसेन वाटेत दोनदा स्वतःशी हसले होते. जपून ठेवणं म्हणजे हे, हे आता कळत होतं. दार लागलं की आतला स्पीकर तो आवाज वाजवायचा. त्यांनी पुन्हा लावलं, ह्या वेळी स्वतःच्या आवाजाच्या मागे कान नेऊन. मागे, खोल, एक पातळ ‘टप्प’ होता, डब्याचं झाकण बसतं तसा. रंगारीबुवा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. “काय म्हणते?” “मीच बोलतोय,” कानसेन म्हणाले. “माझ्याच कानात.” रंगारीबुवानं पत्र्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “माझ्या रंगाचंही तसंच झालंय. सात थर द्यायचो, आता चार. पण दिवे असे लावतात की सातच दिसावेत. सही कर आणि मोकळा हो, बाबा. सात महिने राहिलेत तुझे.”

सात महिने राहिलेत, हे लोक त्यांना दिलासा म्हणून सांगत. त्यांना ते धमकीसारखं ऐकू यायचं. घरी कोणी नव्हतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला तिच्या संसारात होती. सकाळी शेडमध्ये शिरताना पहारेकरी मान हलवतो, कोणीतरी ‘कानसेन’ म्हणून हाक मारतो, जेवणघरात त्यांची ठरलेली खुर्ची असते आणि ती कोणी घेत नाही. माणसाला जगात आपण आहोत असं वाटायला जेवढं लागतं तेवढं सगळं त्या शेडमध्ये होतं आणि बाहेर कुठेच नव्हतं. आणि नापास म्हटलं तर काय होतं हेही त्यांनी पाहिलेलं होतं. ब्रेक खात्यातल्या एका बाईनं दोन वर्षांपूर्वी नापास म्हटलं होतं. तिला कोणी काढलं नाही, रागावलंही नाही. तिला ‘सल्लागार’ केलं आणि घरी बसवलं, गरज लागली की फोन करतो म्हणून. फोन गेला नाही.

अकराच्या सुमाराला धाकटे स्वतः आले. बरोबर लवाजमा नव्हता, ते तसे साधे होते, लहानपणी ह्याच शेडमध्ये खेळलेले. सहा वर्षांचे असताना ते एकदा तयार गाडीत लपून बसले होते आणि सगळा कारखाना त्यांना शोधत होता. कानसेनांनी दोनशे गाड्यांच्या रांगेतून चालत जाऊन, एका बंद दारामागचं मुसमुसणं ऐकून त्यांना बाहेर काढलं होतं. धाकट्यांना ते आठवत होतं की नाही कोण जाणे, कानसेनांना मात्र त्या ओल्या, गरम मुठीची पकड अजून बोटांत सापडायची. “काय काका, कशी वाटली?” त्यांनी विचारलं. कानसेनांनी खिशातून हँडल काढून गाडीच्या टपावर ठेवलं. “आज रस्त्यात एका गिऱ्हाइकानं दिलं. तिचे वडील आत अडकले होते. अठरा मिनिटं.” धाकट्यांनी हँडल उचलून उलटसुलट पाहिलं, त्यांना मनापासून वाईट वाटलं हे दिसत होतं. “मागच्या मॉडेलचं आहे हे. ठाऊक आहे आम्हाला. म्हणून तर ह्या गाडीला हँडलच ठेवलं नाही. तुटायचा प्रश्नच नाही.” “आणि बॅटरी गेली तर?” “दाराच्या खणात रबर आहे, त्याच्याखाली झाकण, त्याच्याखाली दोरी. ओढली की उघडतं. पुस्तिकेत दिलंय सगळं.” “कुठल्या पानावर?” धाकटे हसले. “तुम्ही अगदी आजोबांसारखं विचारता. काका, आमच्या घरात सगळ्यांना आवडलीय ही. आत्यांनासुद्धा. आवाज आता मायक्रोफोन तपासतो, तुमची सही म्हणजे आम्हाला घरच्या वडीलधाऱ्याचा हात डोक्यावर असल्यासारखी आहे. सोमवारी कागद दिलात तरी चालेल.” मग जाता जाता त्यांनी हँडल परत कानसेनांच्या हातात दिलं, एखाद्याची राहिलेली वस्तू द्यावी तसं. आणि कानसेनांनी, स्वतःलाही नवल वाटावं अशा तऱ्हेनं, म्हटलं, “मग उद्या घरचा दिवस करतो.” धाकटे मागे वळले. “अजून करता तुम्ही ते? करा की. आजोबांचा नेम आहे.”

घरचा दिवस म्हणजे काय ते सांगायला हवं. नव्या मॉडेलची पहिली गाडी पास करण्याआधी ऐकणाऱ्यानं एक दिवस ती घरी न्यायची आणि ज्याला गाड्यांतलं काही कळत नाही अशा घरच्या माणसाला तिच्यात बसवायचं, हा थोरल्या मालकांचा अजून उरलेला एकच नेम होता. कागदावर सर्वांत खाली त्यासाठी एक चौकट होती, ‘घरच्या माणसाचा अभिप्राय’. एकतीस वर्षांत नऊ मॉडेलं झाली, आणि आठ वेळा त्या चौकटीतलं माणूस म्हणजे त्यांची बायको होती. ती त्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून, केस नीट बांधून, लग्नाला निघाल्यासारखी खाली यायची. पुढे डावीकडे बसायची. ते दार लावायचे, डोळे मिटायचे, उघडायचे, पुन्हा लावायचे. ती गंभीर चेहऱ्यानं बसून राहायची, जणू फोटो काढतायत. मग ते विचारायचे, “काय म्हणतेस?” आणि ती म्हणायची, “लागतं छान हो. उघडताना मात्र हात शोधत राहतो.” दर वेळी हेच. शब्द थोडे इकडेतिकडे, पण हेच. आणि ते चौकटीत लिहायचे, ‘समाधानी’. त्यांना वाटायचं, पहिलं वाक्य म्हणजे अभिप्राय आणि दुसरं म्हणजे बायकोचं बोलणं.

संध्याकाळी ते नवी गाडी घेऊन घरी आले. स्वयंपाकघरात उभ्यानं थोडं खाल्लं, ताट धुतलं, पुसलं, एकच ताट, आणि टेबलावर कागद आणि हँडल शेजारी शेजारी ठेवून बसले. कोणाला कळवणार, हा प्रश्न आता कोणाला बसवणार असा झाला होता. मागच्या मॉडेलच्या वेळी, म्हणजे ती गेल्यानंतर, त्यांनी घरचा दिवस केला होता, पण एकट्यानं. गाडी खाली उभी केली होती, स्वतःच शेजारच्या सीटवर बसले होते, स्वतःच दार लावलं होतं आणि वर येऊन लिहिलं होतं ‘समाधानी’. ती मागच्या मॉडेलची गाडी. लाल. म्हणजे ते हँडल त्यांच्या हातूनच पास झालं होतं. सकाळपासून हे वाक्य त्यांच्याभोवती घिरट्या घालत होतं आणि त्यांनी ते बसू दिलं नव्हतं. आता बसलं. त्यांनी हँडल हातात घेतलं. दिवसभरात प्रथमच त्यांनी ते धरण्यासारखं धरून पाहिलं, ऐकण्यासारखं नव्हे, आणि बोटं कुठे घालायची ते त्यांना चटकन सापडेना. बायकोच्या बोटांचे सांधे शेवटच्या काही वर्षांत सुजत. गाडी थांबली की ती बसूनच राहायची, ते वळसा घालून येऊन दार उघडेपर्यंत. ते म्हणायचे, “उतरा, महाराणी,” आणि ती हसायची, पदर सारखा करत ऐटीत उतरायची. ऐट. त्यांना ती ऐटच वाटली होती. एकदा दवाखान्याच्या आवारात तिला गाडीत ठेवून ते कागद आणायला गेले, खिडकीशी रांग होती, परत यायला वेळ झाला. येऊन बघतात तर ती उन्हात बंद गाडीत तशीच, कपाळावर घाम, हात मांडीवर. “अगं, उतरून सावलीत का नाही उभी राहिलीस?” “तुम्ही याल म्हटलं,” ती म्हणाली. त्यावर ते तिला रागावले होते, काय बोलले ते आठवत नव्हतं, ती काय म्हणाली तेवढंच आठवत होतं. सगळा कारखाना एकतीस वर्षं दार लागताना ऐकत होता. थोरल्या मालकांना आवाजाचं वेड, म्हणून सगळ्यांना आवाजाचं वेड. लागताना. उघडताना कसं असतं हे कोणी विचारलं नव्हतं, कारण उघडण्याला आवाज नसतो. त्यांच्याच घरात एक माणूस ते आठ वेळा सांगून गेलं होतं.

त्यांनी मुलीला फोन लावला. “बाबा? बरे आहात ना?” हे तिचं पहिलं वाक्य असायचं, आणि त्यांना त्यावर हो म्हणण्यापलीकडे काही सुचायचं नाही. पण आज ते म्हणाले, “उद्या प्रश्नपत्रिकेला दोन तास दे मला. काम आहे तिच्याकडे.” प्रश्नपत्रिका म्हणजे नात, आठ वर्षांची. हे नाव का पडलं ते तुझ्या लक्षात आलं असेल. “तुमचं? तिच्याकडे?” मुलगी हसली. मग म्हणाली, “आईला बसवायचा तो दिवस का?” “हो.”  कानसेनांना पलीकडून भांडी आवरल्याचा आवाज आला, पाण्याचा नळ बंद केल्याचा आला, आणि मुलीनं श्वास घेतल्याचा. “आणते सकाळी,” ती म्हणाली.

शनिवारी सकाळी इमारतीच्या मागच्या अंगणात गाडी उभी होती. मुलगी नातीला सोडून भाजी आणायला गेली. नात गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि कामाला लागली. “आजोबा, हिला कान कुठायत?” “कान म्हणजे?” “धरायचे.” कानसेन म्हणाले, “नाहीत. तेच बघायचंय आपल्याला.” त्यांनी तिला मागच्या सीटवर बसवलं आणि दार लावलं. धप्. नात म्हणाली, “वा.” मग त्यांनी पुढचं एक दार सताड उघडून त्यात आपली हत्यारांची पेटी अडकवून ठेवली, म्हणजे काही झालं तरी ते लागणार नाही, आणि नातीला बजावलं, “कंटाळा आला किंवा नको वाटलं की पुढच्या दोन सीटांमधून बाहेर यायचं. विचारायचं नाही, सरळ यायचं. कळलं?” “कळलं. पण काय करायचंय?” “आतून दार उघडायचं. एवढंच.” त्यांनी मागचं दार पुन्हा उघडलं, पाना घेऊन बॅटरीची तार सोडवली आणि दार परत लावलं. टप्प. डब्याचं झाकण. आतून नातीचा आवाज आला, “मघाशी वेगळं वाजलं होतं.” “मघाचा आवाज माझा होता,” कानसेन म्हणाले. “हा हिचा.”

मग ते त्या बंद दाराबाहेर गुडघ्यांवर बसले, पत्र्याला कान लावला आणि सवयीनं डोळे मिटले. सुरुवातीला काहीच नव्हतं. मग आलं. एक छोटा कोरडा सरसर आवाज, थांबला, पुन्हा सुरू झाला, खाली गेला, वर आला. हात होता तो. गुळगुळीत पट्टीवरून धरायला काहीतरी शोधत फिरणारा एक तळहात. ठराविक जागेवर बोट टेकल्याचा ‘टुक’, पुन्हा ‘टुक’, उपयोग नाही, पुन्हा सरसर. नात घाबरलेली नव्हती, स्वतःशी काहीतरी पुटपुटत होती, पण हात थांबत नव्हता. एकतीस वर्षांत ह्या कानांनी हा आवाज ऐकला नव्हता, आणि तरी तो त्यांच्या ओळखीचा होता, इतका ओळखीचा की तो आता आठ वर्षांच्या हाताचा राहिला नाही. सुजलेल्या सांध्यांचा झाला, सावकाश, न कुरकुरणारा. हात शोधत राहतो, ती म्हणायची. तो इतका वेळ शोधत होता. काचेपलीकडे एका म्हाताऱ्या माणसाचाही होता, अठरा मिनिटं, आणि दोनशे गाड्यांच्या रांगेत कुठेतरी सहा वर्षांच्या एका मुलाचाही. कानसेनांचे गुडघे दुखायला लागले तरी ते उठले नाहीत. रबराखालचं झाकण आणि झाकणाखालची दोरी तिला सापडली नाही. त्यांना स्वतःलाही काल पुस्तिकेत ती सापडायला दोनशे चौदाव्या पानापर्यंत जावं लागलं होतं.

“नाही उघडत,” नात पुढच्या सीटांमधून बाहेर येत म्हणाली. तिचे केस विस्कटले होते. “मी चुकले का?” “नाही. तू नाही.” त्यांनी पेटीवर बसून खिशातून कागद काढला. “तुझा अभिप्राय सांग. म्हणजे काय वाटलं ते. मी लिहितो, तू म्हणशील तस्सं.” नात विचारात पडली. एवढं महत्त्व तिला एरवी मिळत नसे. “लागतं छान,” ती म्हणाली. “पण उघडायचं कुठून ते हाताला कळत नाही.” कानसेनांचं पेन चौकटीवर थांबलं. मग त्यांनी ते दोन्ही भाग लिहिले, पहिला आणि दुसरा, आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात. त्याच्यावरच्या ओळीत ‘पास’ आणि ‘नापास’ असे दोन शब्द छापलेले होते. त्यांनी ‘पास’वर रेघ मारली, सही केली आणि तारीख घातली. सोमवारी धाकटे रागावणार नव्हते. मऊ आवाजात काका म्हणणार होते, सल्लागार म्हणणार होते, आणि जेवणघरातली ती खुर्ची काही दिवस रिकामी राहून मग कोणीतरी ओढून घेणार होतं. हे सगळं त्यांना तिथे पेटीवर बसल्या बसल्या ऐकू आलं, खुर्चीचे पाय फरशीवर घासल्यासकट. मग घड्याळाच्या काट्याप्रमाणे चालणारं, एका ताटाचं घर. भीती वाटत होती, ती नाकारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी दुसरा एक कोरा कागद काढला आणि लिहायला घेतलं, ‘ताई, काल चौकात तुम्ही मला विचारलं होतं, कोणाला’. पुढे काय लिहायचं आणि हे पत्र कुठल्या पत्त्यावर जायचं, हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं. गाडीचा नंबर मात्र ते विसरले नव्हते.

“आजोबा, हे कशावर लिहितं?” नातीनं पेटीच्या बाजूच्या कप्प्यातून त्यांची पांढरी मेणपेन्सिल काढली होती, पत्र्यावर आणि काचेवर खुणा करायची. “सगळ्यावर लिहितं,” ते न बघताच म्हणाले. नात पुन्हा मागच्या सीटवर चढली. त्या काळ्या चकचकीत पट्टीवर, जिथे तिचा हात सारखा सारखा जात होता बरोबर तिथे, तिनं एक हँडल काढलं. नीट, जाड, बोटं घालायला जागा ठेवून. मान तिरकी करून पाहिलं, एक रेघ पुसून पुन्हा मारली. मग तिथूनच विचारलं, “आजी कुठे बसायची?” कानसेनांनी लिहिणं थांबवलं. “पुढे. डावीकडे.” नात सीटांमधून पुढे सरकली, डावीकडे जाऊन बसली, आपला हात समोर धरून बघितला, आणि विचारलं, “तिचा हात मोठा होता ना?” आणि आजोबांचं उत्तर येईपर्यंत न थांबता तिनं त्या दारावर दुसरं हँडल काढायला घेतलं, पहिल्यापेक्षा मोठं.